मी उभ्या ठेवलेल्या बाटल्या

मी चौथी पास आहो. पेपर अजूनही अक्षर जुळवून जुळवून वाचतो. पण भिलाईच्या मे महिन्यात जुन्या लाल वाइनीच्या बाटल्या सांभाळून दाखवणारा माणूस कोण, असं कोणी विचारलं तर मी म्हणीन, मीच. आणि एक बाटली मी बिघडवली, हेही मीच सांगीन. दुसऱ्यानं सांगायची गरज नाही.

आमच्याकडं सरकारनं दारूची दुकानं हातात घेतली, त्याच्या आधीची गोष्ट आहे. स्टील प्लांटमधे माझ्या शिफ्टमधल्या जोडीदाराच्या पोराचं टाउनशिपच्या बाहेर लहानसं दुकान होतं. समोर बियर, व्हिस्की, सगळ्यांसारखंच. त्याचा जीव मात्र मागच्या खोलीत. तिथं त्यानं बारा वर्षं लावून लाल वाइनी जमवल्या होत्या. काही नाशिककडच्या, काही लोकांच्या पोरांनी परदेशातून आणून दिलेल्या. दरवर्षी नाताळच्या सुट्टीत तो त्यातल्या सहा उघडे. प्लांटचे रिटायर साहेब, एक डॉक्टर, असे सात-आठ जण दुपारी येऊन बसत. घेत घोटभर, बोलत तासभर.

मी रिटायर झाल्यावर त्यानं मले त्या खोलीची चावी देली. मी थेंबही घेत नाही, हे त्याले माहीत होतं.

आता माझी चूक सांगतो. प्लांटमधे मी एकतीस वर्षं गॅस सिलिंडरच्या स्टोअरमधे काढले. तिथं सिलिंडर म्हणजे उभं, आणि साखळीनं बांधलेलं. आडवं सिलिंडर दिसलं की माझं डोकं फिरे. खोलीत पाहतो तर सगळ्या बाटल्या निजून राहिल्या! होळीनंतर मालकाच्या बापाचं, म्हणजे माझ्या त्या जोडीदाराचं, नागपुरात ऑपरेशन झालं, तो तिकडं अडकला. मी एका दुपारी सगळ्या बाटल्या उभ्या केल्या, रांगेत लावल्या, मधून साखळी फिरवली. मोठं समाधान वाटलं.

मग उन्हाळा आला. खाली रेती पसरली, तिच्यावर दोन टाइम पाणी. खिडकीले ओलं गोणपाट. दार फक्त सूर्य निघायच्या आधी उघडायचं. आमच्या गावाकडं विड्याची पानं अशीच जपत. लाईट जाओ की राहो, माझी खोली थंड. मालक अधूनमधून येई, गल्ला पाही, परत जाई. मागच्या खोलीत फिरकला तो थेट दसऱ्याले.

"काका, हे काय करून ठेवलं?"

"उभ्या केल्या."

"कावून?"

"तू कावून निजवल्या होत्या, ते सांग पहिले."

त्यानं डोक्याले हात लावला. बुचाले आतून वाइन लागून राहिली पाहिजे, नाहीतर बूच सुकते, हवा शिरते, वाइन आंबते, असं सांगितलं.

"हे तू मले आधी सांगितलं होतं?"

"तुम्ही विचारलं होतं?"

"खोली किती ओली आहे ते पाह्य. काही होत नाही."

"नाताळले समजन, काका. गेल्या असन तर माझे बारा वर्षं गेले."

तो ओरडला असता तर मी भांडलो असतो. तो हळू बोलला, म्हणून लागलं. म्हटलं, "सहापैकी एक बिघडली तर ऐकून घेईन. दुसरीही खराब निघाली तर चावी तिथंच टेबलावर ठेवीन." त्यानं बाटल्या पुन्हा निजवल्या. मी मदत केली नाही.

नाताळच्या दुपारी मी दाराशी उभा राहिलो. खुर्ची देली तरी बसलो नाही. पहिली चांगली. दुसरी चांगली. तिसरीचं बूच भुगा होऊन आत पडलं. मी चहाची गाळणी आणली, गाळून वाइन चांगलीच निघाली. चौथी चांगली. पाचवी उघडली आणि मालकाचं नाक आखडलं.

डॉक्टर हसला. "काका, ये सिलिंडर तो लीक हो गया!"

सगळे हसले. मी पुढं झालो, त्याच बाटलीतली ग्लासात घेतली आणि प्यालो. जिंदगीतला माझा पहिला घोट. लोणच्याच्या खारासारखा आंबट. म्हटलं, "हे मी बिघडवलं. बाकी कोणाची चूक नाही." आणि चावी हातात काढून ठेवली.

सहावी सगळ्यात जुनी होती. बूच निघता निघेना, शेवटी निघालं. नागपूरकडचे एक मोठे रिटायर साहेब होते, त्यांनी ग्लास नाकाशी धरला आणि धरूनच राहिले. मालक माझ्याकडं पाहे, मी त्याच्याकडं पाहत नव्हतो.

साहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. "वा! अशी तर माझ्या घरी नाही राहिली. माझ्या एसीच्या खोलीतल्या अर्ध्या उकडल्या. लाईट गेली की भट्टी होते. तुम्ही काय केलं?"

मी रेती सांगितली, गोणपाट सांगितलं. एवढे शिकलेले लोक, पण कोणी मधात बोललं नाही. चावी मी परत खिशात घातली. मालकानं माझ्यासाठी चहा मागवला.

"माझ्या बाटल्या ठेवाल का तुमच्या खोलीत?" साहेबांनी विचारलं.

"पाठवा. पण ठेवीन माझ्या हिशोबानं."

"म्हणजे उभ्या?"

"आडव्या," मी म्हटलं.

मार्चमधे साहेब स्वतःच आले, गाडीतून अकरा बाटल्या टॉवेलात गुंडाळून. खोलीत पाय ठेवणार तेवढ्यात मी थांबवलं. रेती आताच ओली केली होती. साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली, आणि एकेक बाटली माझ्या हातात देत राहिले.