तिसऱ्या गिअरमध्ये अडकणारी गाडी

नगरला माझं गिअरबॉक्सचं गॅरेज आहे. जामखेडच्या शाळेत ज्या बाईंनी मला गणित शिकवलं, त्यांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. वेगाची हौस पहिल्यापासूनच. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला तेव्हा गाडी थेट माझ्याकडे आली. ऑटोमॅटिक सगळा उघडून नव्यानं बांधायची माझी ती पहिलीच वेळ. जीव ओतून बांधला. बाईंना दाखवायचा म्हणून बसवण्याआधी बाहेरून रुपेरी रंगही मारला.

चार दिवसांनी फोन आला. "अरे, मध्येच झटका देते आणि तिसऱ्या गिअरमध्येच अडकून बसते."

गाडी आणवली. ऑइल गरम करून पातळी पाहिली, बरोबर. चालवून पाहिली, झकास. परत दिली तर दोन दिवसांत बाई पुन्हा दारात. मग खालचं पॅन उघडून ऑइलच्या वाटा धुतल्या, तरी तेच. स्कॅनर दर वेळी वेगळाच दोष दाखवायचा. मला तर वाटायला लागलं, बाईंनाच ऑटोमॅटिक चालवता येत नाही. पण तोंडावर कोण बोलणार!

तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "तू चालव, मी शेजारी बसते."

गिअरचा आवाज ऐकू यावा म्हणून मी सवयीनं एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. जामखेड रस्त्यावरच्या चिचोंडी गावापर्यंत गाडीनं तक्रार केली नाही.

"ऊठ, आता मी."

बाईंनी काचा वर केल्या, एसी फुल केला आणि भर दुपारी हेडलाईट लावले. "समोरच्याला लांबून दिसायला हवं," म्हणाल्या. दोन किलोमीटर गेलो नाही तोच झटका बसला. तिसरा गिअर!

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "तू चालवताना काय बंद होतं?" फळ्यासमोर उभं केल्यासारखं विचारलं.

"एसी... आन् लाईट."

"मग?"

मग माझी ट्यूब पेटली. विजेचा भार वाढला की घोटाळा होतो, म्हणजे बिघाड गिअरमध्ये नाहीच, वीज परत जायच्या वाटेत, अर्थिंगमध्ये आहे. वीज नीट मिळाली नाही की गिअर बदलणारा कॉम्प्युटर गोंधळतो आणि गाडी तिसऱ्यातच धरून ठेवतो. गॅरेजला येऊन गाडी वर घेतली आणि गिअरबॉक्सला जोडलेली अर्थिंगची वायर सोडली. तिच्या टोकाखाली माझाच रुपेरी रंग, चांगला दोन हातांचा. वायर धातूला धड टेकतच नव्हती.

"बाई, चूक माझी हाय. ह्यो रंग मीच मारला हुता."

बाई वाकून बघत राहिल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "दिसतोय मात्र सुरेख!"

तेवढा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला, बोल्ट आवळला. एसी, लाईट, अगदी वायपरसुद्धा लावून आम्ही जामखेडच्या रस्त्याला लागलो. एकही झटका नाही. मोकळा रस्ता दिसला तशी बाईंनी गाडी अशी काही सोडली, की मी दोन्ही हातांनी वरचं हँडल धरलं.

"भीती वाटते का रे?"

"न्हाई बाई," मी म्हणालो.

जामखेडला त्यांनी गरमगरम थालीपीठ खाऊ घातलं आणि परत सोडायला निघाल्या. मी हात जोडले आणि एसटीनं आलो.