तलावातली थोरली

आमच्या घरात एक बाई राहायची, जी मी जन्मायच्या आधीच वारली होती. बाबांची पहिली बायको. तिला सगळे थोरली म्हणत. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक काळ्या दोऱ्यात गळ्यात बांधायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं, अशी तेव्हाची रीत. माझी माय लुगडं टाकाला टेकवून पुटपुटायची, "तू नेस बाई, मंग मी." मी तेव्हा चार-पाच वर्षांची. मला वाटायचं, थोरली खरंच नेसत असणार, फक्त आपल्याला दिसत नाही.

छप्पन साली बाबा बुद्धधम्माची दीक्षा घेऊन अमरावतीला परतले आणि घरातले देव त्यांनी वडाळीच्या तलावात सोडले. मायच्या गळ्यातला टाकही काढून नेला. देव गेल्याचं मायला फारसं काही वाटलं नाही. थोरली पाण्यात गेली, याची मात्र तिनं हाय खाल्ली. पुढे भाऊ झाला. त्याला जरा ताप चढला, की माय म्हणायची, "थोरली बोलावून राहिली त्याले." त्याला ती साध्या हौदापाशीही जाऊ देत नसे. गावातला तलाव, पण पाच वर्षं तिनं त्याचं तोंड पाहिलं नाही.

बाबा कचेरीत कारकून. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, की सगळ्यांनी सायकलनं वडाळीला जायचं आणि पोरांनी खजिन्याचा खेळ खेळायचा. मायला म्हणाले, "पान्यात पान्याबिगर काही नसते. दाखवतोच तुले."

माय उसनं अवसान आणून कॅरिअरवर बसली. भावाला तिनं मांडीवर घट्ट धरलं होतं, पुढे दांडीवर बसू दिलं नाही. मी भाड्याच्या सायकलवर कैची मारत मागे.

बाबांनी सकाळीच जाऊन खुणा मांडल्या होत्या. शाळेत असताना बालवीर पथकात शिकलेला खेळ. दगडांचा बाण म्हणजे पुढे चला. दगडांचा गोल आणि मधे एक खडा म्हणजे शोध संपला, मी घरी गेलो. खजिना तिथेच. खजिना म्हणजे रेवड्यांचा डबा, हे आम्हाला ठाऊक होतं.

उन्हाळा लागला होता. पाणी आत सरकलं होतं आणि काठाचा चिखल भेगाळला होता. पान हलत नव्हतं. एवढ्या मोठ्या तलावावर एक पाखरू नसावं, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. माय पाण्याकडे पाठ करून बसली. भावाचा हात तिनं सोडला, तो बाबांनी "मी हाय ना इथं" असं चारदा म्हटल्यावर.

तिसऱ्या बाणापाशी भाऊ ओरडला. बाभळीखाली गोल होता, मधे खडा. बाण तर दुसरीकडे दाखवत होता, पण खजिना समोर असताना बाणाकडे कोण बघतो! जवळ गेल्यावर दिसलं, की दगड मातीत अर्धे रुतलेत आणि त्यांच्यात गवत उगवून वाळलंय. मधल्या खड्यावर मात्र कण्हेरीचं लाल फूल होतं, त्याच दिवशीचं. मी काडीनं उकरलं. जर्द्याची डबी निघाली. डबीत पांढरं फडकं, फडक्यात चांदीची बाई. झिजून तिचे डोळे गेले होते. काळ्या दोऱ्यावरून मी तिला ओळखलं आणि हात झटकला.

भावानं टाक कधी पाहिलेलाच नव्हता. "हे कोन बाई होय?" म्हणत त्यानं तो उचलला, आणि मी अडवायच्या आत मायकडे पळाला.

माय किंचाळली नाही. तिनं आधी त्याचे केस चाचपले, मग सदरा. ओला आहे का, ते बघत होती.

"पान्यात गेलता?"

"नाई."

"मंग हे कोनं देल्लं?"

"तिकडं होती. बाबाच्या गोलात."

माय उठली आणि बाभळीपाशी गेली. गोल पाहिला, फूल पाहिलं. लाल कण्हेर आमच्याच अंगणात होती. बाबा दर रविवारी सकाळी सायकलवर चक्कर मारायला जात, तेही आम्हाला ठाऊक होतं. बाबा मागून येऊन उभे राहिले.

"माह्याच्यानं पान्यात टाकनं झालं नाई," ते म्हणाले.

"मंग पाच वर्सं मी कोनाले भेत होती?"

मला बाबांचा भयंकर राग आला. माय अकोल्याच्या जुन्या शहरातली, तिच्या तोंडी लागून कुणी जिंकलेलं नव्हतं. आता फुटते, असं वाटलं. पण ती पदरानं टाक पुसत राहिली.

"एकटीले काहून ठेवली हो इथं? पावसापान्यात?" तिनं टाक पदराच्या गाठीत बांधला. "चाला घरी."

"आपल्यात देव नाई ठेवत आता."

"देव नोय. मानूस होय."

रेवड्यांची आठवण कुणालाच राहिली नाही, मुंग्यांचं कल्याण झालं. परतताना भाऊ पुढे दांडीवर होता, घंटी वाजवत. मायनंच बसवलं होतं त्याला तिथं. चढावर बाबांना धाप लागली.

"आज गाडी लय जड लागून राहिली," ते म्हणाले.

"लागू द्या," माय म्हणाली, आणि कॅरिअरवर थोडी बाजूला सरकून बसली.