तिसऱ्या चावीची नोंद

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. हे एक विसरता आलं नाही.

मी तेव्हा अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे प्रकटीकरण पथकाचा अधिकारी होतो. मरोळ भागातून पंधरा दिवसांत दोन मोटारी चोरीला गेल्या. काच फुटलेली नाही, कुलूप तोडलेलं नाही, चाव्या मालकांच्या घरात. हल्लीच्या मोटारींत इमोबिलायझर असतो. चावीतली चिप ओळखीची नसेल तर इंजिन चालत नाही. म्हणजे चोराकडे गाडीच्या ओळखीची चावी होती.

खबऱ्या म्हणाला, "साहेब, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. कसली पण चावी बनवतो."

चौकशी केली, तर दोन्ही मोटारी नुकत्याच त्याच्या गाळ्यावर दुरुस्तीला गेलेल्या. मला तेवढं पुरेसं वाटलं. भर दुपारी, सगळ्या औद्योगिक वसाहतीदेखत त्याला जीपमध्ये बसवलं. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक नोंदी वाचणारा त्याचा स्कॅनर आणि कामाची वही पंचनामा करून जप्त केली.

पन्नाशीचा, मालवणकडचा, हळू बोलणारा माणूस.

"मी चोरी करूक नाय, साहेब. दोन्ही गाड्यांची तक्रार एकच. डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकायचा, इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडायचं. म्युझिक सिस्टिम बसवताना कोणीतरी इमोबिलायझरची वायर कापून कशीतरी जोडलेली. ती मी नीट केली. पण स्कॅनर लावला, तर गाडीत तीन चाव्यांची नोंद. मालकाकडे दोनच. वहीत लिहिलंय."

"साथीदार कोण, ते सांग."

"वही तरी उघडा ना, साहेब."

मी उघडली नाही. कोर्टाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. त्याला तासन्‌तास उभं ठेवून मी तोच प्रश्न विचारत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी मरोळमधूनच तिसरी मोटार गेली. तो तर आमच्या लॉकअपमध्ये होता. तेव्हा कुठे मी मुद्देमालातून वही मागवली. दोन्ही नोंदींखाली त्याच्या अक्षरात होतं: 'चाव्या तीन, मालकाकडे दोन. दोन्ही चाव्या घेऊन या, तिसरी रद्द करू, असे सांगितले.'

एका मालकांना फोन लावला. "हो, बोलला होता तो," ते म्हणाले. "जायचं राहूनच गेलं."

म्युझिक सिस्टिम कुठे बसवली, याचं उत्तर तिन्ही मालकांनी एकच दिलं: जुहूचं एक दुकान. तिथे गाडी चावीसकट दिवसभर असायची, बिलावर घरचा पत्ताही असायचा. तिथल्या फिटरला उचललं. संध्याकाळपर्यंत त्याने कबुली दिली. तिसरी चावी नोंदवून घेणारा तोच.

मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. इलेक्ट्रिशियनविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल कोर्टात देऊन आम्ही त्याला सोडलं. स्कॅनर सुटायला मात्र आणखी काही महिने गेले. इलेक्ट्रिशियन तो न्यायला आला तेव्हा मी विचारलं, "गाळा कसा चाललाय?"

"सोडला, साहेब. लोकांनी मला तुमच्या जीपमध्ये बघितलं ना. आता गाडीची चावी माझ्या हातात कोण देतलो?"

कबुली कशी काढायची, हे मला नोकरीने शिकवलं होतं. समोरचा खरं सांगत असताना गप्प बसून ऐकायचं, हे मी त्या माणसाकडून शिकलो, आणि त्याची किंमत त्याने मोजली.

माफी मागावी असं वाटलं. टेबलापाशी दोन हवालदार उभे होते. मी पावती पुढे सरकवली.

"इथे सही करा," म्हणालो. त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं.