जासईपलीकडच्या जेट्टीवर, प्लास्टिकमधले फेंडर

"नुसती बघायला तरी चल," दादा म्हणाला आणि माझा रविवार फुकट गेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात, यानं फायबरची जुनी होडी घेतली. जेट्टीच्या सिमेंटवर आपटून तिची बाजू एकदा फुटली होती. ठिगळ मारणाऱ्यानं बजावलं होतं, पुन्हा तिथेच फुटली तर थेट भंगारात. म्हणून फेंडर, म्हणजे होडी आणि जेट्टीच्या मध्ये लटकवायच्या हवाभरल्या जाड उशा.

कोपरखैरण्याहून सकाळी लवकर निघा. उलव्यात चहा-वडापाव उरकून घ्या, कारण पुढे जासईपर्यंत कंटेनरच्या ट्रेलरांमागे रांगण्याशिवाय काही मिळत नाही. जेट्टीवर सावली नाही, स्वच्छतागृह नाही, आणि वास असा की वडापाव खाल्ल्याचा पश्चात्ताप होतो.

फेंडर जाडच घ्या. दादानं तेवढं बरोबर केलं होतं, हे मान्य. बांधायचे होडीला, जेट्टीला नाही, म्हणजे ओहोटीला ते होडीबरोबर खाली जातात. दोरी ओवायला टोकाला भोक असतं. पण हे भोक वेष्टनाच्या आत होतं आणि वेष्टन काढायला दादा तयार नव्हता! यांच्या घरी सोफा फाटला, तरी त्याचं प्लास्टिक निघालेलं नाही. त्यानं दोरी प्लास्टिकवरूनच आवळली.

शेजारच्या होडीत जाळं आवरणाऱ्या मावशींना राहवेना.

"याला पिशवी कशाला घातलीस रं? थंडी वाजतं काय त्याला?"

"पांढरा आहे ना मावशी, मळेल."

"मंग घरान ठेव, कपाटान!"

मी खो खो हसले. दादानं आमच्याकडे पाठ फिरवली.

तेवढ्यात खाडीतून एक मोठी लाँच भरधाव गेली. लाटेनं होडी जेट्टीकडे ढकलली आणि ठिगळापाशी बांधलेला फेंडर प्लास्टिकमधून सुळकन निसटून पाण्यात गेला. दोरीला नुसती पिशवी उरली. आणि आमच्या शहाण्यानं काय करावं? होडी आणि सिमेंटच्या मध्ये स्वतःचा हात घातला.

"हात काढ, दादा!" मी किंचाळले. मावशींनी दोर खेचून होडी मागे घेतली, तोवर त्याची बोटं चेंगरली होती.

उरलेल्या फेंडरांचं प्लास्टिक मी टराटरा फाडलं आणि दोऱ्या भोकांतून ओवून ते नीट लटकवले. दादा हात धरून बसून होता. मग गाडी मी चालवली आणि वाटेतल्या दवाखान्यात त्याला प्लास्टर घालून घेतलं.

घरी वहिनी त्याला दहीभात भरवत होती. तिचे डोळे लाल झाले होते. हा माणूस मूर्ख आहे, आणि तो मला हवा आहे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"ठिगळ शाबूत आहे ना गं?" दादानं विचारलं.

"आहे. साधा ओरखडासुद्धा नाही."

तोंडात घास तसाच धरून तो लहान मुलासारखा हसला. वहिनीनं मान वळवली. त्या होडीचा इतका राग मला दिवसभरात आला नव्हता.