चौथा नॉब

डोळा लागतोय असं वाटतं आणि नेमका त्याच वेळी शेजारचा लेथ थांबतो. पण आज सोमवार. सोमवारी उद्यमनगराला सुट्टी, सकाळपासून एकही लेथ चालू नाही. मग थांबलं काय, असं मी मनाशी म्हणते आणि तो विचार अर्ध्यावरच मऊ पडतो. दुकानातल्या बाकावर मी कुशीवर पडलेय. समोर टेबलावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे, तिच्यावरची निळी फिल्म अजून सोललेली नाही. जेवून आडवं झालं की अशी गुंगी येतेच.

"तायडे, झोपायलीस काय?"

टेबलापलीकडे स्टुलावर निरंजन बसलाय. माझा धाकटा भाऊ. श्रावणात काविळीनं गेला तो. शेवटी शेवटी त्याचे डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसायचे. आता पांढरेशुभ्र आहेत. मला आधी तेच दिसतं, आणि इतका आनंद होतो की उठून बसायचंही सुचत नाही.

"तू मेलास ना रे?" मी विचारते.

"व्हय की. म्हणून काय दुकानात यायचं न्हाई?"

आमचं दुकान नेमप्लेटचं. मोटारी, पंप, लेथ यांच्यावरच्या पट्ट्या आम्ही कोरतो, आधी बाबा कोरायचे, आता मी. निरंजन कारखान्यातून घरी आला की मागच्या खोलीत सिंथेसायझर जुळवत बसायचा. विजेतून सूर काढणारं वाद्य ते. एकेक भाग वेगळा, त्याला तो मॉड्यूल म्हणायचा. आतलं सर्किट त्याचं, बाहेरचं पॅनल माझं. शेवटच्या मॉड्यूलला चार नॉब आहेत. कुठला नॉब काय करतो हे तो मला कधीच सांगत नसे. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचं, त्यानं नॉब फिरवायचा आणि कानाला जे वाटेल ते नाव मी द्यायचं, असा आमचा नियम. स्वतःच्या हातानं फिरवलं की कान हाताच्या हो ला हो करतात, असं त्याचं म्हणणं. मग तेच नाव मी पॅनलवर कोरायची, तेही मराठीत. त्याचे मित्र हसायचे. हसू देत, मी त्यांना कुठं विचारायला गेले होते?

पहिल्याला मी 'उठाव' म्हटलं, दुसऱ्याला 'उतार', तिसऱ्याला 'मुक्काम'. चौथा राहिला. त्याच संध्याकाळी त्याला ताप चढला.

"मोबाईलवर शोधलं असतंस तर एका मिनिटात कळलं असतं," निरंजन म्हणतो.

"नियम कुणाचा?"

"माझा."

"मग गप बस की."

तो गप बसत नाही. पट्टी उचलतो, खिडकीकडे धरून तिच्यावरच्या पेन्सिलच्या रेघा बघतो. "उलटं न्हाई ना काढलंस?"

"ते धंदे तुझे." सर्किटच्या मागच्या बाजूनं मापं काढून द्यायची त्याला खोड. मग भोकं डावीची उजवीकडे पडायची आणि अख्खी पट्टी भंगारात जायची. शिव्या मात्र मी खायच्या.

"आई काय म्हणती?" तो विचारतो.

आई रोज एकच म्हणते. त्याचं ते एकदा वाजवून दाखव की गं. मी सांगते, अजून पॅनल व्हायचंय. खरं तर एका दुपारचं काम आहे. पण पॅनल बसलं, चार स्क्रू आवळले की त्याच्याबरोबरचं माझं शेवटचं काम संपलं. मला ते संपवायचं नाही. आईला असं कसं सांगू? तिचाही तो मुलगाच होता.

"पाठ कर," तो म्हणतो.

"नको."

"तायडे, पाठ कर. मला लई वेळ न्हाई."

मी पाठ करते. समोर भिंत असायला हवी, भिंतीवर कानशी आणि हातोड्या टांगलेल्या असायला हव्यात. पण रंकाळा आहे. टेबल पाण्यात उभं आहे, माझी पावलंही पाण्यात आहेत आणि पाणी कोमट आहे. काठावर एक भेळवाला कांदा चिरतोय. तो आमच्याकडे बघतही नाही.

मागून सूर येतो. साधा, एकच. मग सुराच्या बटणाचा टक् आवाज होतो, निरंजननं बोट उचललंय. एरवी बोट उचललं की सूर तुटायचा. हा तुटत नाही. बोट गेलंय आणि सूर पाण्यावरून पुढं सरकतोय.

"हाय?" तो विचारतो.

"आहे."

"आता?"

"अजून आहे."

पाणी उरलेलं नाही. दवाखान्यातला लांब बोळ आहे, तिथलाच तो फिनेलचा वास. याच बोळात मी त्याची चप्पल पिशवीत घालून बसले होते. सूर बोळातून जातोय, बारीक होत, एकेका दारावरून. मला उठून त्याच्यामागं धावावंसं वाटतं. पण नियम आहे, मान वळवायची नाही.

"आता तरी संपला?"

"नाही. अजून आहे."

"मी बोट कवाच उचललंय, तायडे."

"माहीत आहे मला. अजून आहे, निरू. अजून..."

मला रडू येतं. तो म्हणतो, "मग तेच लिही की."

"काय?"

"अजून. बरं दिसंल. तीनच अक्षरं, जागाबी कमी लागंल."

मी वळते. आम्ही दुकानातच आहोत. त्यानं सेंटर पंच पट्टीवर टेकवलाय, बरोबर चौथ्या जागेवर. ड्रिल घसरू नये म्हणून आधी पंचानं ठिपका पाडायचा असतो. पंच नेहमी तो धरायचा आणि हातोडी मी मारायची. "मार," तो म्हणतो.

"मारलं की झालं ना रे सगळं?"

"मार की. घाबरतीस काय?"

डोळे भरलेले, नीट दिसत नाही. मी मारते. हातोडी घसरते आणि त्याच्या अंगठ्यावर बसते, चांगली दणकून.

"आई गं! लागलं का रे?"

तो अंगठा उलटसुलट करून बघतो. "न्हाई गं," लहान पोराची समजूत काढावी तसं म्हणतो, "मला आता काय लागत न्हाई."

त्याला वाटतं, हे ऐकून मला बरं वाटेल. मी त्याचा अंगठा दोन्ही हातांत घट्ट धरते. "लागू दे की रे," मी म्हणते, "थोडं तरी लागू दे."

मला जाग येते ती अंगठा ठणकतोय म्हणून. माझा, डाव्या हाताचा. नखाखाली रक्त साकळलंय, कड काळीनिळी पडलीय. हातोडी भिंतीवर तिच्या खिळ्यालाच आहे. पट्टीवर माझ्या पेन्सिलच्या रेघा तेवढ्या आहेत, पंचाचा ठिपका सोडा, साधा ओरखडाही नाही. स्टुलावर कुणी नाही.

आई मागच्या दारातून चहा घेऊन येते. "काय झालं? ओरडलीस कशाला?" मग तिचं लक्ष हाताकडे जातं. कप तिथंच ठेवून ती माझा अंगठा धरते. "अगं बाई! केवढं लागलंय गं!"

"हो," मी म्हणते, "लागलंय."

ती अंगठ्यावर फुंकर घालते. निरंजन गेल्यापासून मी तिच्यासमोर रडले नव्हते. आता रडते. तीही रडते. चहावर साय धरते, तरी आम्ही तशाच उभ्या.

मग मी हातोडी काढते. "आई, ही पट्टी जरा धर, हलू देऊ नको."

तिनं हे काम कधी केलेलं नाही, पण ती दोन्ही हातांनी घट्ट धरते. मी चौथ्या जागेवर पंच टेकवते. तो धरताना अंगठ्यातून अशी कळ येते की डोळ्यांपुढं अंधारी येते.

"राहू दे गं," आई म्हणते. "बरं वाटलं की कर."

"नको," मी म्हणते. "दुखतंय तोवरच करते."