सव्वा किलोला थोडं कमी

शांत घरात माझा अभ्यास होत नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे, त्यांचा जन्म तांबट आळीत झालेला नाही. नाशिकच्या जुन्या गावात आमचं घर वरच्या मजल्यावर, आणि खाली अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तांब्यापितळेच्या भांड्यांचं काम. सकाळी नऊला ठोके सुरू व्हायचे ते दिवेलागणीला थांबायचे. हंड्याच्या पोटावर एका लयीत ठाक, ठाक, ठाक. मध्येच शेजारून दुसरा, समोरच्या ओट्यावरून तिसरा. त्याच ठोक्यांवर मी पाढे पाठ केले, इतिहासातल्या सनावळ्या पाठ केल्या, आणि दुपारी माळ्यावर पुस्तक छातीवर ठेवून झोपलेही त्याच ठोक्यांवर. ठोके थांबले की मात्र दचकून जाग यायची. आता काय झालं, असं वाटायचं.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी एकदा, एकदाच, खाली जाऊन अण्णांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "मला पुढे शिकायचंय." अण्णा घागरीचा गळा ठोकत होते. हातोडी थांबली नाही. तांबटांचे कान चाळिशीलाच जातात, त्यामुळे आमची आळी एकमेकांशी कायम ओरडूनच बोलते. मी ओरडले नाही. ऐकू गेलं नसेल, असं मनाशी ठरवलं आणि वर निघून गेले. खरं सांगायचं तर, ऐकू गेलं नसेल हे मानणं मला सोयीचंच होतं. बापानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे घेऊन सासरी जाण्यापेक्षा ते बरं.

मार्गशीर्षात लग्न झालं. बरोबर भांडी आली, आणि त्यांवर अण्णांनी स्वतःच्या हातानं नावं घातली होती. आमच्याकडे बिननावाचं भांडं घरात ठेवत नाहीत. लग्नाकार्यात, शेजारीपाजारी भांडी जातात. नाव नसेल तर ती परत येत नाहीत. आता यंत्रानं टिंबाटिंबांची अक्षरं काढून देतात. अण्णा मात्र छोट्या छिन्नीनं सलग अक्षर काढायचे. त्यांची वेलांटी बघायला लोक थांबायचे. माझ्या भांड्यांवर माझं सासरचं नाव होतं. लग्नात माझं पहिलं नावही बदललं होतं, त्यामुळे त्या नावानं हाक मारली की मान वळवायचं मला सुचण्याआधीच ते पातेल्यांवर कोरलं गेलं होतं. तक्रार नाही. म्हणजे होती, पण ती कुणाला सांगावी इतकी सवड मिळाली नाही.

तर यंदा, मुलगी अकरावीला गेल्यावर, मी घरबसल्या करायच्या बी.ए.ला नाव घातलं. विषय इतिहास. अर्ज मुलीनंच मोबाइलवर भरला. बारावीच्या गुणपत्रिकेवर असेल तेच नाव हवं, असा नियम निघाला, म्हणून तिनं माझं माहेरचं नाव टाइप केलं. ती सहज टाइप करत होती आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होते. इतक्या वर्षांनी ते नाव मी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. कुणीतरी जिन्याखालून हाक मारतंय असं वाटलं. दूध उतू गेलं म्हणून मग उठावं लागलं.

वर्ग रविवारी, बाकी सगळं नेटवर. व्हिडिओ बघायचे, धडे वाचायचे, स्वाध्याय टाइप करून पाठवायचे. मोबाइलवर ती अक्षरं मोहरीएवढी दिसत. म्हणून लॅपटॉप घ्यायचं ठरलं. घ्यायचं माझ्यासाठी ठरलं, पण आपल्या घरांची रीत माहीत आहेच. बाईसाठी आणलेली वस्तू उंबरा ओलांडेपर्यंतच तिची असते.

कॉलेज रोडवरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. टेबलांवर लॅपटॉप ओळीनं उघडे मांडलेले, प्रत्येकाच्या पडद्यावर कुठलं तरी निळं तळं किंवा बर्फाचा डोंगर. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "यूज काय आहे मॅडम?" मी तोंड उघडेपर्यंत आमच्या ह्यांनी सांगितलं, "सगळंच. स्क्रीन मोठी दाखवा." हे अंबडच्या कारखान्यात आहेत, दिवसभर मशीनपुढे उभं राहून आल्यावर त्यांना आडवं पडून क्रिकेट बघायचं असतं. मुलीला व्हिडिओ एडिट करायला काहीतरी दणकट हवं होतं. दुकानातली मुलगी माझ्याकडे वळली. "आणि तुम्हाला?"

"रोजचं बघायला. आणि अभ्यासाला."

"मुलीच्या?"

"माझ्या," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. शेवटी आळीचं रक्त.

त्या बिचारीनं मग मला एकेक नीट दाखवलं. पंधरा इंचांचा एक होता, त्याच्या चार्जरचंच ओझं विटेएवढं. दुसरा स्वस्त होता, पण चार खिडक्या उघडल्या की दमत होता. तिसरा मी उचलला आणि हात अपेक्षेपेक्षा वर गेला. रिकामी कळशी भरलेली समजून उचलावी तसं झालं. राखाडी, पातळ, तेरा इंचांचा. कळा मऊ, त्यांवर मराठी अक्षरं नाहीत पण ती उमटतात, हे मी तिथंच टाइप करून पाहिलं. बॅटरी दिवसभर पुरते म्हणाली. मी तो माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत घालून पाहिला. बसला. वर मेथीची जुडी मावेल एवढी जागा उरली.

"एवढासा?" हे म्हणाले. मोठा याच्यापेक्षा स्वस्तही होता, ते त्यांना समजेना. मलाही समजावता येईना की मला तो पिशवीत घालून कुठं न्यायचाय. दुकानातली मुलगी म्हणाली, "सात दिवसांत नाही आवडला तर बदलून देऊ. फक्त ओरखडा नको." या वाक्यावर ह्यांचं समाधान झालं आणि आम्ही तो घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिटी बसनं शालिमारला उतरले आणि चालत तांबट आळीत गेले. मला तिथंच न्यायचा होता तो. आळीत आता ठोके फार उरलेले नाहीत. बरीचशी घरं विकली गेली, कुणी कुरियरचं ऑफिस काढलंय, कुणी मोबाइलची कव्हरं विकतं. अण्णा ऐंशीला टेकले, तरी दुपारी दोन-तीन तास बसतात. आई गेल्यापासून तर जास्तच. काम नसलं तर जुनं भांडं घेऊन त्याचा पोचा काढत बसतात.

मी लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला नाही. तळहातावर ठेवला, डोळे मिटले, हात जरासा खालीवर केला.

"सव्वा किलोला थोडं कमी."

बरोबर आणलेल्या खोक्यावर एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम लिहिलं होतं. मी ते बोटानं दाखवलं. अण्णांनी बघितलंसुद्धा नाही. बोटाच्या पेरानं झाकणावर टकटक करून कान जवळ नेला, सवयीनं. आणि मान हलवली. "पत्रा पातळ आहे."

"पातळ आहे म्हणून तर महाग आहे, अण्णा!" मी ओरडून सांगितलं.

"माल कमी आणि पैसे जास्त?"

"हो!"

अण्णा मनापासून हसले. जन्मभर ज्यांनी भांडं काट्यावर घालून विकलं, त्यांना ही गंमत पुरी पडेना. "आमचं सगळं उलटंच गेलं म्हणायचं," असं म्हणत त्यांनी तो मला परत दिला.

ते चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. स्वयंपाक उरकायचा, बस धरायची, माळ्यावर जाऊन भिंतीला टेकून पाय लांब करायचे आणि लॅपटॉप मांडीवर. भाद्रपदातलं ऊन कौलांच्या फटीतून येऊन त्याच्या झाकणावर पडायचं. खाली अण्णांची हातोडी सुरू व्हायची, पूर्वीपेक्षा सावकाश, मध्ये श्वास घ्यायला थांबत. सातवाहनांवरचा धडा मी त्या ठोक्यांवर वाचला. नाशिकच्या लेण्यांतल्या दानाच्या लेखांबद्दल त्यात होतं, आणि ती लेणी तर मी शाळेच्या सहलीत डबा खात पाहिली होती. वाचता वाचता डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांपुढे दगडावर छिन्नी चालवणारा कुणीतरी बसलेला असायचा, त्याचा चेहरा दिसायचा नाही, आणि ठोका मात्र अण्णांचा. मी किती वर्षांची आहे हेच मला कळायचं नाही. जागी झाले की पडद्यावर ओळ तिथंच थांबलेली असायची. मी लॅपटॉप तिथंच अण्णांच्या ट्रंकेत ठेवून घरी यायचे.

घरी मात्र त्याची चौकशी सुरू झाली होती. मुलगी म्हणाली, "आई, तो इथं नसतोच. मग सगळ्यांनी काय करायचं?" हे म्हणाले, "तसं बघितलं तर तिचं बरोबर आहे. मोठा घेतला तर तिघांना होईल. तू काय, फावल्या वेळात करणार." कुणी चढ्या आवाजात बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले असते. मला भांडता उत्तम येतं. गोड बोलून मागितलं की मात्र माझी पंचाईत होते. मोठा लॅपटॉप पिशवीत मावणार नव्हता, बसमध्ये नेता येणार नव्हता, म्हणजे माळा संपला, आणि त्या शांत घरात माझी बी.ए. होणार नव्हती, हे मला लख्ख दिसत होतं. तरी मी म्हटलं, "बरं." सहाव्या दिवशी बदलायला जायचं ठरलं.

पाचव्या दिवशी मी अण्णांना सांगितलं. ओरडून नाही, नुसतं. ते पितळेच्या तांब्यावर वाकले होते. "हा बदलायचाय, अण्णा. घरी सगळ्यांना मोठा हवाय. उद्या न्यायला येते." हातोडी चालूच राहिली. ट्रंकेत ठेवताना मी त्याच्यावरून एकदा पदर फिरवला. मग स्वतःचाच राग आला आणि बस येईपर्यंत मी शालिमारला रडत उभी होते.

सहाव्या दिवशी हे हाफ डे घेऊन परस्पर दुकानात जाणार होते. मी आळीत आले. ट्रंक उघडली. लॅपटॉप अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला. उलगडला, तर झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात अक्षरं.

"अण्णा, हे काय केलंत!"

"नाव घातलं. नवं भांडं बिननावाचं ठेवू नये."

"हे भांडं नाहीये!" समोरच्या कुरियरवाल्यानं मान बाहेर काढली. "ओरखडा नको म्हणाले होते ते! आता कोण घेणार हा परत?"

"हातोडी नाही लावली," अण्णा शांतपणे म्हणाले. "आत काच आहे एवढं कळतं मला. टोकानं कोरलं नुसतं. दोन तास लागले."

मी तो उजेडाला धरला. सासरचं नाव नव्हतं ते. शाळेच्या हजेरीतलं माझं नाव, मग अण्णांचं, मग आडनाव. तीच सलग अक्षरं, तीच वेलांटी. फक्त शेवटच्या अक्षराशी हात जरासा कापलेला. माझ्या घरात पातेल्यांपासून पोळपाटापर्यंत किती वस्तूंवर नावं आहेत, पण हे नाव असलेली एकही नव्हती.

मग मी विचारलं, "काल सांगितलं होतं ना मी, बदलायचाय म्हणून? ऐकू आलं नव्हतं का?"

अण्णांनी तांब्या मांडीवर फिरवला, कुठं पोचा राहिलाय ते अंगठ्यानं चाचपलं.

"आलं होतं," ते म्हणाले. "बारावीलाही आलं होतं."

मला त्यांचा राग आला, इतक्या वर्षांचा एकदम, आणि तो येत असतानाच त्यांच्या कापऱ्या हाताला धरून बसावंसं वाटलं. दोन्ही खरं होतं. मी त्यांना प्यायला पाणी दिलं आणि वर माळ्यावर गेले.

लॅपटॉप उघडला. पहिल्या स्वाध्यायाचा पहिला प्रश्न समोर होता. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "दुकानात आलोय मी. कुठपर्यंत पोहोचलीस?"

"तो आता बदलता येणार नाही," मी म्हटलं. "अण्णांनी त्यावर नाव घातलंय."

पलीकडे दुकानाचा गलका चालू होता.

"कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं. खाली ठोके सुरू झाले होते, त्यामुळे मला ते दोनदा सांगावं लागलं.