डावा हात

आखाडा बाळापुरात शाळेमागच्या हॉलात ज्यूदोचा वर्ग सुरू झाला, तेव्हा पहिल्या दिवशी बारा पोरी आल्या आणि एक भागाबाई. वय बावन्न. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, त्यावर शिकवणाऱ्या दीक्षामॅडमनं दिलेला ज्यूदोचा जाड पांढरा कोट. पोरी ओढणीत तोंड खुपसून हसल्या. एकीनं विचारलंच, "आजी, सुनेला आपटायचा बेत हाय का?"

"सूनच आपटंल मला कवातरी. म्हणून पडायचं शिकून घ्यावं म्हनलं."

थट्टेत तिनं अर्धं खरं सांगून टाकलं होतं. या वर्गात पहिला आठवडा कुणाला पाडायला नाही, नुसतं पडायला शिकवतात, हे शेजारच्या राधिकानं सांगितलं, तेव्हा भागाबाईची तव्यावरची भाकर करपली होती.

घरात आठ महिन्यांची नात होती, नुकती रांगायला लागलेली. सून सीमाची रजा संपत आली होती. सोमवारपासून तिला दवाखान्यात नर्सच्या कामावर जायचं होतं. भागाबाई नातीला न्हाऊ घाली, मांडीवर निजवी. पण उभ्यानं उचलायची वेळ आली की हात मागं घेई. सीमाला याचा उलगडा होत नव्हता. शेवटी तिनं सांगून टाकलं की सोमवारपर्यंत जमलं नाही तर लेकरू कुरुंद्याला, मायकडं ठेवते. रागानं नाही बोलली. तिचीही गरज होती.

वर्गातला धडा साधा होता. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, मागं लोळायचं आणि पाठ टेकायच्या आत दोन्ही तळहात गादीवर आपटायचे. तीन दिवसांत पोरी फटाफट पडू लागल्या. भागाबाईचा डावा हातही आपोआप उघडे, चोख वाजे. उजवा मात्र काखेशी आवळलेलाच राही.

चौथ्या दिवशी दीक्षानं तिला बाजूला घेतलं. "डावा किती बराबर पडतो, काकू. मग उजवा काहून आवळून धरता?"

भागाबाईनं उजव्या हाताकडं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

"त्यात कोकरू हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पंचवीस वर्षं झाली त्याला. साखरा गावाकडून घरची माणसं मेंढरं आणत होती. वाटेत मेंढी व्याली तर कोकरू बाईनं काखेत घेऊन चालायचं, ही धनगरांतली रीतच. उजव्या काखेत कोकरू, डाव्या कडेवर सात महिन्यांची लेक. ओढ्यातल्या शेवाळल्या दगडावर पाय सटकला. भान आलं तर कोकरू काखेत ओरडत होतं आणि डावा हात रिकामा होता. लेक दगडावर पडली होती. पुन्हा रडली नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पाणवठ्यावर बाया कुजबुजत, कोकरू धरलं आन् लेकरू सोडलं. मल्हारी, भागाबाईचा लेक, तेव्हा पाच वर्षांचा. त्यानंही ही गोष्ट बायकोला कधी सांगितली नव्हती.

"मॅडम, लेकरू हातात असताना कसं पडायचं, तेवढं शिकवा."

दीक्षा कमरेच्या पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पडताना हात उघडणारच, जीव स्वतःला वाचवतो, आमी तेच पक्कं करून घेतो, असं काहीतरी ती बोलली. धरून पडायचं कसं, ते तिलाही कुणी शिकवलं नव्हतं.

"म्हंजे त्या दिशी मी बराबर पडले व्हते," भागाबाई म्हणाली.



भागाबाई गादीवर गेली, उकिडवी बसली आणि मागं लोळली. या वेळी दोन्ही तळहात एकदम वाजले. पोरींनी टाळ्या पिटल्या. ती मात्र उठली नाही. पसरल्या हातांनी छताकडं बघत पडून राहिली. मग कोट काढला, घडी घालून दीक्षाच्या हाती दिला आणि घरी आली.

रविवारी तिनं सीमाला सगळं सांगितलं आणि नातीची झबली, दुपटी स्वतःच पिशवीत भरली. सीमानं पिशवी दोनदा रिकामी केली. भागाबाईनं ती तिसऱ्यांदा भरली.

"आत्याबाई, कुरुंद्याची जीप येस्तोवर बसून तरी घ्या तिला."

भागाबाई भिंतीला पाठ लावून बसली. सीमानं नात तिच्या डाव्या हातावर ठेवली. पोरगी आजीच्या गळ्यातली पोत चघळत बसली.

जीपचा हॉर्न वाजला. सीमा लेकरू घ्यायला वाकली, तर तो डावा हात काही केल्या उघडेना. एक एक बोट धरून तिला तो सोडवावा लागला.